माया ठेवून काप

"ताई, वडील जाऊन दीड वर्ष झालं. कामावरून आले की ते जुन्या डायरीच्या कडेकडेने पेनाने चित्रं काढत बसायचे. चिमण्या, भिंतीवरचं घड्याळ, सायकल, किल्ल्यांचा जुडगा, सुतळीचा गुंडा, त्यांची आरामखुर्ची. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात एखादी ओळ. मी ती पानं स्कॅन करून एका ठिकाणी सुती कापडावर छापून घेतली. अडीच मीटर, पन्हा ४४ इंच, पांढऱ्यावर निळी शाई. त्याचा गुडघ्यापर्यंतचा साधा ड्रेस शिवायचा असं ठरवलं होतं. आता चार महिने झाले, कापड कपाटात घडी घालून आहे. तीनदा जमिनीवर अंथरलं, खडू हातात घेतला आणि परत घडी घातली. चिमणीच्या मानेवरून कात्री फिरवणार कशी? बहीण म्हणते, सरळ फ्रेम करून भिंतीवर लाव. नवरा म्हणतो, टेलरकडे दे. मी आतापर्यंत उशांचे अभ्रे आणि एक स्कर्ट एवढंच शिवलंय. काय करू? — कात्री न धजणारी"

प्रिय न धजणारी,

आधी एक गोष्ट नीट बघ. वडिलांच्या हातची चित्रं डायरीत आहेत, आणि डायरी तुझ्याकडे आहे. त्या पानांची स्कॅन केलेली फाईलही तुझ्याकडे आहे. हे कापड म्हणजे त्यांची छापलेली प्रत. बिघडलंच तर वाईट वाटेल, पैसेही जातील, पण चिमणीला काही होणार नाही, ती डायरीत शाबूत आहे. फाईल अजून एकाच ठिकाणी असेल तर आज दुसऱ्या ठिकाणीही ठेव, आणि मग हे पत्र पुढे वाच.

फ्रेमचं म्हणशील तर बहिणीचं चुकत नाही, पण फ्रेम करायची तर डायरीच्या पानाची कर. अडीच मीटर कापड भिंतीवर लावलं तर त्याचा पडदा होतो. आणि कपाटात कापड सुरक्षित राहतं हाही आपला समजच. घडीच्या रेघेवर कापड वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेलं राहतं, तिथला धागा कमजोर होतो, पांढरं कापड घडीच्या कडेला पिवळट पडतं. शिवायचं अजून ठरत नसेल तर निदान घडी मोड आणि कापड एखाद्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेव.

माझं मत विचारशील तर शीव, आणि तूच शीव. टेलरवर माझा राग नाही. पण घाईत काम करणारा माणूस कापड वाचवण्याच्या हिशेबाने बेततो. पुढचा भाग सरळ, मागचा उलटा, बाह्या मधल्या तिरक्या जागेत. बारीक ठिपक्यांच्या कापडाला हे चालतं. तुझ्या कापडात वर-खाली आहे, शिवाय अक्षरं आहेत. हा धडा मी टेलरकडून नाही, माझ्याच हाताने शिकले. खूप वर्षांपूर्वी पोपटांच्या कापडाचा एक फ्रॉक बेतला आणि अर्धा मीटर वाचवला म्हणून स्वतःवर खूश झाले. घालून आरशात वळून बघितलं तर पाठीवरचे सगळे पोपट वटवाघळांसारखे उलटे लटकलेले. प्रत्यक्ष शिलाईचा तुला धीर होत नसेल तर ती खुशाल दुसऱ्याकडून करून घे. बेतायचं मात्र तूच. कुठलं चित्र कुठे यावं हे दुसऱ्या कुणाला कसं कळणार?

आता कामाला लागू. पहिलं काम धुण्याचं. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं आणि आडव्यापेक्षा उभं जास्त आटतं. म्हणजे तुझे अडीच मीटर, ९८ इंच, धुतल्यावर ९४ च्या आसपास उरतील. हे कात्री लावल्यानंतर कळलं तर रडशील. ड्रेस पुढे जसा धुणार आहेस तसंच आत्ता कापड धू. गार पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवण. त्याआधी एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघ आणि कापडाची उलटी बाजूही बघ. हाताला मऊ लागत असेल आणि रंग धाग्यात मुरलेला दिसत असेल तर तो सुताशी पक्का जोडला जाणारा रंग आहे, बिनधास्त वापर. वरून किंचित कडक लागत असेल, छपाई नुसती वर बसल्यासारखी वाटत असेल, तर ते पिगमेंट. त्यातला रंग चिकटद्रव्याने धाग्यावर धरून ठेवलेला असतो, घासल्यावर तो सुटतो. तसं असलं तर कापड पिळू नकोस, ब्रशने घासू नकोस. आणि हे लक्षात ठेव, कारण पुढे उसवण्याचा प्रश्न येईल तेव्हा याची गरज पडणार आहे.

वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री कर आणि मग कापड आणि छपाई यांचं जमतंय का ते बघ. आडवा एक धागा ओढून काढ, म्हणजे कापडाची खरी आडवी रेघ दिसेल. चित्रांखालच्या ओळी त्या रेघेला समांतर आहेत का? छापताना कापड थोडं तिरकं ओढलं गेलं असेल तर नसतील. फरक अगदी थोडा असेल, पूर्ण पन्ह्यात अर्ध्या इंचाच्या आत, तर छपाईच्या रेघेने बेत, कारण डोळ्याला छपाई दिसते, धागा दिसत नाही. फरक जास्त असेल तर मी धाग्याचं ऐकेन. उभ्या धाग्याशी खेळलेला ड्रेस दोन धुण्यांत पायाभोवती फिरायला लागतो.

नमुना कुठला निवडावा हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या भीतीचं अर्धं औषध तिथे आहे. नवखी माणसं अशा कापडावर हमखास एक चूक करतात. कापड खास आहे म्हणून ड्रेसही खास हवा असं त्यांना वाटतं. मग कंबरेला जोड, छातीवर टक्स, सहा कळ्यांचा घेर, चुण्यांचा योक. प्रत्येक जोड म्हणजे एक कापलेली चिमणी. चुण्यांमध्ये तर चित्र गडपच होतं. साध्या कापडाला शिलाईची कलाकुसर लागते. बोलणाऱ्या कापडाला गप्प शिलाई हवी. तू खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध, खाली हळूहळू रुंद होत जाणारा ड्रेस निवड. पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा, दोन बाह्या. मधोमध शिवण पुढेही नाही आणि मागेही नाही. त्यामुळे मागची चेनही गेली, म्हणजे पाठीवरची आरामखुर्चीही दुभंगणार नाही.

चेन नाही तर डोकं आत कसं जाणार? गळ्याचा एकूण घेर डोक्यापेक्षा मोठा ठेवायचा. मोठ्या माणसाचं डोकं साधारण २२ ते २३ इंच असतं. तुझं टेपने मोज आणि त्यात दीड-दोन इंच मिळव. तेवढा गळा खोल नको असेल तर रुंद कर, खांद्यांकडे पसरट. छातीला तीन-चार इंच सैल ठेवलंस तर डोक्यावरून घालायला अडचण येत नाही.

मापाचा हिशेब मांडू या, म्हणजे कापड पुरेल का हा घोर सुटेल. ड्रेसची उंची ४० इंच धर. खाली दुमडायला दोन इंच आणि खांद्याला अर्धा इंच माया, म्हणजे साडेबेचाळीस. पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक, दोन्ही सरळच, म्हणजे ८५ इंच. चौऱ्याण्णवांतून नऊ इंच शिल्लक. तळाशी प्रत्येक भाग पंचवीस इंच रुंद धरला तरी धुतलेल्या पन्ह्यात बाजूला सतरा-अठरा इंचांची उभी पट्टी राहते. अशा दोन पट्ट्या. त्यांतून आखूड बाह्या आरामात निघतात, आणि दोन्ही बाह्यांवर कुठली चित्रं येतील हे निवडायलाही जागा राहते. फक्त गळ्याची आतली पट्टी आणि खिसे या कापडाचे काढू नकोस. एक तर चित्रं वाया जातील. दुसरं म्हणजे पांढऱ्या कापडाखाली निळी छपाई असली तर ती वरून पुसट डागासारखी दिसते. त्याला साधं पांढरं सुती कापड घे.

मायेचं बोलले तर थोडं थांबू. शिंपीकामात शिलाईच्या बाहेर जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. कुणी हा शब्द दिला ठाऊक नाही, पण जास्त ठेवलेलं पुढे कधी तरी उपयोगी पडतं आणि वरून दिसत नाही, म्हणून तो मला नेहमीच पटत आलाय. बाजूच्या शिवणीला तू एक इंच माया ठेव. नेहमीपेक्षा ही दुप्पट आहे. पुढे शरीर बदललं तरी ड्रेस फेकावा लागणार नाही. आणि शिवणीपाशी चुकून चिमणीचं शेपूट आलंच तर ते कापलं जात नाही, नुसतं आत दुमडलं जातं. ते तुला आठवेल, इतरांना दिसणार नाही. गळ्याला आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतो त्या वळणाला, मात्र एवढी माया नको, तिथे अर्धा इंच पुरे. वळणावर जास्तीचं कापड आत गोळा होतं.

पण या कापडाला अजून हात लावायचा नाही. आधी जुनी चादर घे, साधारण तेवढ्याच जाडीची. नमुना तिच्यावर काप आणि मशीनवर लांब टाके टाकून, चार-पाच मिलिमीटरचे, पूर्ण ड्रेस शीव. घाल, बस, हात वर कर, खाली वाकून चप्पल घाल. बाही कुठे ओढते, गळा कुठे उघडा पडतो, खांदा कुठे घसरतो ते सगळं त्या चादरीवर सुधार. पेनाने त्यावरच खुणा कर. मग ती उसव आणि तिचेच तुकडे तुझा नमुना म्हणून वापर. लोक हे करायचा कंटाळा करतात, दोन संध्याकाळी जातात म्हणतात. तुझे तर चार महिने गेलेत.

आता खरा बेत. इथे घाई करू नकोस, याला एक अख्खी सुट्टी दे. कापड सुलट बाजू वर ठेवून एकाच थरात पसर. अर्धा नमुना आणि घडी घातलेलं कापड ही नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण खालच्या थरात काय चाललंय ते दिसत नाही. नमुना पूर्ण करून घे, दोन्ही बाजूंचा, आणि तो पातळ ट्रेसिंग कागदावर काढ, म्हणजे आरपार चित्रं दिसतील. डाव्या-उजव्या बाह्यांसाठी कागद पालथा घालायचा, कापड नाही. कापड पालथं घालून कापलंस तर अक्षरं आतल्या बाजूला जातील आणि चूक पुन्हा दुरुस्त होणार नाही.

कागद फिरवत बघ. पुढच्या तुकड्याची मधली उभी रेघ आधी ठरव, कारण माणसाची नजर पहिली तिथे जाते. तिथे बरोबर मध्यावर एकच मोठं चित्र बसवायचा मोह होईल. मी म्हणेन, थोडं बाजूला सरकव. अगदी मध्यावरचं चित्र छापील बनियनसारखं वाटतं. आणि एक गोष्ट संकोच न करता सांगते: गोल काहीही छातीच्या टोकावर येऊ देऊ नकोस. घड्याळ तिथे आलं तर तुला दिवसभर लोकांच्या नजरा चुकवत बसावं लागेल. तसंच मागे बसायच्या जागी सुतळीचा गुंडा. कागदावर छातीची, कंबरेची, बसण्याची रेघ आणि छातीच्या टोकांचे दोन ठिपके आखून ठेव, म्हणजे चुकणार नाही. बाजूच्या शिवणीवर चित्रं जुळवायच्या भानगडीत पडू नकोस. विखुरलेल्या चित्रांना ते लागत नाही. रेघा, चौकटी किंवा वेलबुट्टी असती तर जुळवावं लागलं असतं, आणि तेही कापलेल्या कडेवर नाही, शिलाईच्या रेघेवर.

चित्रं फिरून फिरून येत असतील तर ती किती इंचांनी येतात तेही मोज. रोलरवरच्या छपाईत नक्षी रोलरच्या परिघापेक्षा मोठी होऊच शकत नाही. फिरत्या जाळीच्या छपाईतही नेहमीचा परिघ ६४ सेंटिमीटरचा, त्यामुळे बाजारातल्या कितीतरी कापडांवर नक्षी ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटरने पुन्हा येते. तुझं कापड फाईलवरून थेट शाई फवारून छापलेलं असणार, त्याला ही मर्यादा नाही. म्हणून कदाचित आरामखुर्ची पूर्ण कापडात एकदाच असेल. एकदाच असली तर आधी तिची जागा ठरव, बाकीचे त्यानंतर.

सगळं जमलं की मोबाईलवर फोटो काढ. छोट्या चित्रात चूक पटकन दिसते, जमिनीवर गुडघे टेकून दिसत नाही. रात्रभर तसंच राहू दे. सकाळी पुन्हा बघून पटलं तर कागदाच्या कडेने खडू फिरव. टाचण्या फक्त मायेत टोच, मधे नाही. काही छपाईत टाचणीचं भोकही राहतं.

आणि मग काप. कात्री मोठी, धारदार, खालचं पातं जमिनीला टेकलेलं, कापड उचलायचं नाही. मधोमध सुरुवात करू नकोस. तळाच्या सरळ कडेने कर. तिथे हात बसतो, आणि चुकलं तर दुमडीत जातं. मानेवरून कात्री फिरवण्याची जी भीती तुला वाटते ती या घडीला बरीच उतरलेली असेल, कारण कुठली मान कुठे आहे हे तुला आधीच माहीत असेल. एखादी चिमणी मुंढ्यापाशी अर्धी जाईल, ती जाऊ दे. सगळ्याच्या सगळ्या वाचवायला गेलीस तर ड्रेस होणार नाही, पोतं होईल.

शिवणं त्यामानाने सोपं आहे. कापल्याबरोबर गळ्याच्या कडेने मायेच्या आत एक टीप घाल, कारण गळ्याची वळणं उरेपात, म्हणजे तिरक्या धाग्यावर, येतात आणि नुसत्या हाताळण्यानेही ताणली जातात. नवी सुई घाल, मध्यम सुती कापडाला ८० नंबरची, कापड मलमलीसारखं पातळ असेल तर ७० ची. टाका अडीच मिलिमीटर. कापताना निघालेल्या चिंधीवर आधी चालवून बघ. प्रत्येक शिवण आधी हाताने धावदोऱ्याने जोड, घालून बघ, मगच मशीन. एरवी मी याचा आग्रह धरत नाही, पण छपाई पिगमेंटची असेल तर मशीनची टीप उसवल्यावर सुईच्या जागी पांढरे ठिपके राहतात, ते जात नाहीत. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, उलट्या बाजूने, मधे पातळ कापड ठेवून. शिलाई घरगुती दिसते की नीट, हे निम्मं तरी इस्त्रीवर ठरतं.

खालची दुमड शेवटी. ड्रेस एक दिवस हँगरला टांगून ठेव, तिरक्या कडा उतरायच्या तेवढ्या उतरतील. मग कुणाला तरी जमिनीपासून मोजून खुणा करायला सांग, स्वतः वाकून मोजलंस तर कड वाकडी येते. बहिणीलाच बोलाव. तिलाही मग कपड्यात काही हात लागला असं होईल. दुमडीला हाताने टाके घाल, मशीनची रेघ चित्रांवरून फिरायला नको.

उरलेल्या तुकड्यांत बाह्यांच्या पट्ट्यांचे शेंडे आणि तळाचे नऊ इंच असतील. त्यात एखादी ओळ पूर्ण असेल तर ती चौकोनात कापून, कडा दुमडून, मागच्या गळ्याच्या आतल्या पट्टीवर बारीक टाक्यांनी लाव, जिथे दुकानाच्या कपड्याला कंपनीचं नाव असतं. खिसे करशीलच, त्यांचं तोंड बाजूच्या शिवणीतच ठेव. आणि किल्ल्यांचा जुडगा उजव्या खिशाच्या जरा वर येतोय का, हे कागद फिरवतानाच बघून घे.

— ताई

ता.क. नवऱ्याला सांग, टेलरची सूचना वाया गेली नाही. बटणाचं काज कुठे लागलंच तर ते टेलरकडून करून घे. काज मलाही कधी धड आलं नाही.